विश्लेषण : 'ओके' म्हणजे 'वाचलं' की 'कबूल'? दोन अक्षरांच्या शब्दाचा घोळ काय आहे?

रात्री साडेदहाला ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज येतो : 'उद्या नऊच्या आत फायनल फाइल क्लायंटकडे गेली पाहिजे.' खाली उत्तर पडतं : 'ओके'. मेसेज पाठवणारा निर्धास्त झोपतो, कारण त्याच्या मते काम कोणीतरी अंगावर घेतलं आहे. 'ओके' लिहिणाऱ्याला मात्र एवढंच सांगायचं होतं की मेसेज वाचला. सकाळी नऊला दोघांची गाठ पडते, तेव्हा चूक कोणाची हे ठरवायला ग्रुपवर एकच पुरावा असतो, ती दोन अक्षरं.

ऑफिसात या घोळाची किंमत फार तर बोलणी खाण्याइतकी असते. पण 'कळलं' आणि 'कबूल आहे' यांतला फरक पुसला गेल्याने कॅनडातल्या एका शेतकऱ्याला मोठी भरपाई द्यावी लागली. विमानवाहतुकीच्या इतिहासातल्या सर्वांत भीषण अपघाताच्या ध्वनिमुद्रणातही हाच शब्द सापडतो. हा शब्द आला कुठून, त्याचे अर्थ किती आणि तो कुठे वापरू नये, हे समजून घेऊ.

शब्दाचा जन्म कसा झाला?

'ओके'चा जन्म एका थट्टेतून झाला. १८३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बोस्टन शहरातल्या वृत्तपत्रांना एक खेळ सापडला होता. एखादा साधा वाक्प्रचार घ्यायचा, त्याचं स्पेलिंग मुद्दाम चुकवायचं आणि त्या चुकीच्या स्पेलिंगची फक्त आद्याक्षरं छापायची. 'ऑल राइट'साठी 'ओ. डब्ल्यू.', 'नो यूज'साठी 'के. वाय.' अशी ही लघुरूपं वाचकांनी ओळखायची. आजची मुलं मेसेजमध्ये शब्दांची मोडतोड करतात म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

२३ मार्च १८३९ रोजी 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'मधल्या एका विनोदी मजकुरात 'ओ. के.' ही अक्षरं 'ऑल करेक्ट' या अर्थासह छापून आली. 'ऑल'मधला 'ए' काढून 'ओ' आणि 'करेक्ट'मधला 'सी' काढून 'के'. म्हणजे 'सगळं बरोबर आहे' असं सांगणाऱ्या शब्दाची दोन्ही अक्षरं चुकीची आहेत!

त्या काळातली बाकीची लघुरूपं विरून गेली. 'ओके' टिकला, कारण पुढच्याच वर्षी त्याला निवडणूक मिळाली. १८४०मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन दुसऱ्यांदा उभे होते. न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक हे त्यांचं जन्मगाव, त्यामुळे त्यांचं टोपणनाव पडलं 'ओल्ड किंडरहूक'. समर्थकांनी त्याची आद्याक्षरं उचलली आणि 'ओके क्लब' काढले. विरोधकांनीही हीच अक्षरं पकडली. व्हॅन ब्युरेन यांचे राजकीय गुरू अँड्र्यू जॅक्सन यांना धड स्पेलिंग येत नाही, म्हणून ते कागदांवर 'ओके' लिहितात, अशी आवई त्यांनी उठवली. व्हॅन ब्युरेन हरले, शब्द मात्र देशभर पोहोचला. पुढे तारयंत्र आलं. संदेश मिळाल्याची पोच द्यायला दोन अक्षरांचा हा शब्द तारबाबूंच्या सोयीचा होता.

हा सगळा माग पुराव्यानिशी काढला कोलंबिया विद्यापीठाचे भाषाभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी. त्यांचे लेख १९६३-६४मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात आले. तोपर्यंत बऱ्याच दंतकथा फिरत होत्या. कोणी मूळ ग्रीक भाषेत शोधत होतं, कोणी अमेरिकेतल्या चॉक्टॉ या मूलनिवासींच्या भाषेत, तर कोणी पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांमध्ये. राष्ट्राध्यक्ष वूड्रो विल्सन यांना चॉक्टॉ उगम इतका पटला होता की ते त्यानुसार वेगळं स्पेलिंग लिहीत.

इंग्रजीत 'ओके' म्हणजे नेमकं काय?

इथे पहिली गंमत आहे. इंग्रजीत एखाद्या गोष्टीला 'ओके' म्हणणं हे कौतुक नसतं. 'पिक्चर ओके होता' म्हणजे बरा होता, वेळ गेला, पुन्हा बघणार नाही. 'आय ॲम ओके' म्हणजे मजेत आहे असं नव्हे, तर लागलेलं नाही, ठीक आहे. काही बिघडलेलं नाही एवढीच हमी हा शब्द देतो, दर्जाबद्दल बोलत नाही. वाहन तपासणाऱ्याचा किंवा छपाईपूर्वी मजकूर वाचणाऱ्याचा 'ओके' असाच असतो.

याशिवाय तो क्रियापद होतो (साहेबांनी बिल 'ओके' केलं), नाम होतो (वरून 'ओके' आला), प्रश्न होतो (ओके?) आणि बोलण्याचा विषय बदलण्यासाठीही वापरला जातो (ओके, आता पुढचा मुद्दा). एकच शब्द एवढी कामं करतो, म्हणून तो जगभर चालला. आणि एवढी कामं करतो म्हणूनच, समोरच्याने त्यातलं कोणतं काम केलं आहे हे कळत नाही.

मराठीत आल्यावर 'ओके'चं काय झालं?

मराठीने या शब्दाला बढती दिली. इंग्रजीतला 'बरा' इथे येऊन 'झकास' झाला. २०२२च्या जूनमध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं गुवाहाटीहून झालेलं फोनवरचं बोलणं व्हायरल झालं. तिथली झाडी, डोंगार आणि हाटील यांचं वर्णन करून त्यांनी सगळं 'ओक्के' असल्याची पावती दिली, तेव्हा त्यातून कोणालाही 'ठीकठाक' असा अर्थ लागला नाही. काही आठवड्यांनी, ऑगस्टमधल्या पावसाळी अधिवेशनात विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओके' ही घोषणा दिली. त्यातला आरोप शिंदे गटाने फेटाळला, पण घोषणा राज्यभर पोहोचली. 'एकदम'च्या शेजारी बसलेला हा 'ओके' लंडनच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे.

रस्त्यावरचा 'ओके' तर त्याहून जुना. ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' वाचत इथल्या पिढ्या मोठ्या झाल्या. या ओळीतला 'ओके' तिथे का आहे, याच्या अनेक कहाण्या सांगितल्या जातात. विनाकारण हॉर्न वाजवायला प्रोत्साहन मिळतं, म्हणून महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५मध्ये व्यावसायिक वाहनांवर ही ओळ लिहायला मनाई केली.

खरा बदल मात्र रोजच्या संवादात झाला. मराठीत होकाराच्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. 'बरं' म्हणजे ऐकलं. 'ठीक आहे' म्हणजे हरकत नाही, थोडी नाराजी असली तरी. 'चालेल' म्हणजे मला सोयीचं आहे. 'कबूल' किंवा 'मान्य' म्हणजे शब्द दिला. 'झालं' म्हणजे काम पूर्ण. फोनच्या कीबोर्डवर या सगळ्यांची जागा एकट्या 'ओके'ने घेतली. समोरासमोर असताना सूर आणि चेहरा अर्थ भरून काढतात. मेसेजमध्ये दोन्ही नसतात. त्यात कोणी नुसतंच 'के' लिहिलं, तर पलीकडचा माणूस 'हा चिडलाय का' या विचारात पडतो.

धावपट्टीवर काय घडलं होतं?

अर्थाचा हा घोळ किती महागात पडू शकतो, याचं उदाहरण स्पेनच्या कॅनरी बेटांवरचं आहे. २७ मार्च १९७७. तेनेरिफे बेटावरच्या लॉस रोदेओस या लहान विमानतळावर गर्दी झाली होती, कारण शेजारच्या ग्रान कॅनरिया बेटावरच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने विमानं इकडे वळवली होती. त्यात दाट धुकं. केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमानं एकाच धावपट्टीवर होती आणि नियंत्रण मनोऱ्यातून त्यांपैकी एकही दिसत नव्हतं.

केएलएमच्या सहवैमानिकाने रेडिओवर सांगितलं की आपण आता 'टेकऑफला' आहोत. नियंत्रकाला वाटलं, विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. प्रत्यक्षात ते धावू लागलं होतं. नियंत्रक म्हणाला, 'ओके'. सुमारे दोन सेकंद थांबून त्याने पुढचं वाक्य उच्चारलं : उड्डाणासाठी थांबून राहा, मी कळवतो. नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमचा वैमानिक सांगत होता की आपण अजून धावपट्टीवरच आहोत. दोन्ही संदेश एकाच लहरीवर एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये शिट्टीसारखा आवाज आला. स्पष्ट ऐकू आला तो फक्त 'ओके'.

दोन्ही विमानं एकमेकांवर आदळून ५८३ जण मृत्युमुखी पडले. केएलएमच्या विमानातलं कोणीही वाचलं नाही, पॅन ॲममधले ६१ जण वाचले.

हा अपघात 'ओके'मुळे झाला असं म्हणणं चूक ठरेल. केएलएमच्या कॅप्टनने परवानगी मिळण्याआधीच विमान सोडलं, हे स्पॅनिश चौकशीतलं प्रमुख कारण होतं. धुकं, गर्दी, निघण्याची घाई, एकमेकांवर आदळलेले संदेश हे सगळं त्यात होतं. पण विमान थांबवता येईल अशी शेवटची संधी ज्या वाक्यात होती, त्याची सुरुवात होकारासारख्या वाटणाऱ्या शब्दाने झाली. नियंत्रकाचा 'ओके' म्हणजे 'तुमचं ऐकलं' एवढाच होता. उड्डाणासाठी अधीर असलेल्या कॉकपिटमध्ये मात्र त्याने गैरसमज दूर केला नाही.

विमानसेवेने त्यातून काय शिकलं?

त्यानंतर रेडिओवरच्या भाषेचे नियम कडक झाले. 'टेकऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. सूचनेला नुसता होकार पुरेसा नाही, तिच्यातला महत्त्वाचा भाग वैमानिकाने जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. याला 'रीडबॅक' म्हणतात.

'ओके' ज्या अर्थांची खिचडी करतो, ते अर्थ विमानसेवेच्या भाषेत वेगवेगळ्या शब्दांत वाटलेले आहेत. 'रॉजर' म्हणजे तुमचा पूर्ण संदेश मिळाला, बस एवढंच. 'विल्को' म्हणजे समजलं आणि त्याप्रमाणे करणार. 'अफर्म' म्हणजे होय. 'करेक्ट' म्हणजे तुम्ही म्हणालात ते बरोबर. हो की नाही असा प्रश्न असेल, तर 'रॉजर' हे उत्तर चालत नाही.

कॅनडातल्या जवसाचा खटला काय होता?

हा प्रश्न पैशांच्या व्यवहारातही येतो. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात मार्च २०२१मध्ये धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीच्या प्रतिनिधीने एका शेतकऱ्याशी जवसाच्या खरेदीबद्दल फोनवर बोलणी केली. मग करारावर स्वतःची सही करून त्याचा फोटो मेसेजने पाठवला आणि करार नक्की करा असं लिहिलं. शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठ्याचा इमोजी पाठवला. नोव्हेंबरमध्ये माल द्यायचा होता. तोपर्यंत जवसाचा भाव ठरलेल्या दराच्या दुपटीहून वर गेला आणि माल आला नाही.

शेतकऱ्याचं म्हणणं सरळ होतं : अंगठा म्हणजे करार मिळाला एवढीच पोच, तो मान्य आहे असा अर्थ नव्हता. ऑफिसच्या ग्रुपवरचा वाद जसाच्या तसा न्यायालयात गेला.

२०२३मध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल देत सुमारे ८२ हजार २०० कॅनेडियन डॉलरची भरपाई मंजूर केली. निकालात निर्णायक ठरले ते जुने मेसेज. आधीच्या व्यवहारांमध्येही कंपनीने असेच करार पाठवले होते आणि शेतकऱ्याने 'लुक्स गुड', 'ओके', 'यप' एवढंच लिहून माल पोहोचता केला होता. म्हणजे या दोघांच्या व्यवहारात 'ओके'चा अर्थ 'कबूल' असाच रुळलेला होता आणि अंगठा त्याच रांगेत बसला. २०२४मध्ये अपील न्यायालयानेही हा निकाल बहुमताने कायम ठेवला.

भारतात मेसेजवरच्या 'ओके'ने करार होतो का?

होऊ शकतो. भारतीय करार कायदा १८७२चा, पण त्यातली तत्त्वं व्हॉट्सॲपलाही लागू पडतात. कलम ७ म्हणतं की प्रस्तावाची स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त हवी. कलम १३नुसार, दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तरच ती संमती. 'ओके'वरून होणारे बहुतेक वाद या 'एकाच अर्थाने'वर येऊन अडतात.

माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम १०अनुसार, केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार नाकारता येत नाही. २०१०मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ईमेलवरच्या देवाणघेवाणीतून करार झाल्याचं मान्य केलं. तिथे औपचारिक करारावर सह्या झालेल्या नव्हत्या. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, ठरलेल्या अटी पूर्ण केल्यास इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून सादर करता येतात.

याचा अर्थ प्रत्येक 'ओके' म्हणजे करार असा नाही. आधी काय विचारलं होतं, अटी स्पष्ट होत्या का, त्यानंतर दोघं कसे वागले, हे सगळं पाहिलं जातं. 'घर बघायला या' याला दिलेला 'ओके' आणि 'भाडं अठरा हजार, अकरा महिने, एक तारखेपासून, कळवा' याला दिलेला 'ओके' यांचं वजन सारखं नसतं.

संगणक हा गोंधळ कसा टाळतो?

संगणकाच्या पडद्यावर 'ओके'चं बटण रुळलं, त्यामागेही एक गैरसमजच होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ॲपलच्या 'लिसा' या संगणकावर काम चालू होतं. त्यात सूचना मान्य करण्यासाठीच्या बटणावर 'डू इट' असं लिहिलेलं होतं. चाचणीला बसलेल्या एका माणसाने ती अक्षरं जोडून 'डोल्ट', म्हणजे मूर्ख, अशी वाचली. संगणक आपल्याला मूर्ख का म्हणतोय, म्हणून तो वैतागला. त्यानंतर तिथे 'ओके' आला.

पडद्यामागे मात्र यंत्रं अधिक काटेकोर असतात. कोणतंही संकेतस्थळ उघडलं की सर्व्हर एक सांकेतिक क्रमांक पाठवतो. २०० म्हणजे 'ओके', विनंती यशस्वी झाली. २०२ म्हणजे 'ॲक्सेप्टेड', विनंती घेतली आहे पण काम अजून पूर्ण झालेलं नाही. माणसं या दोन्हींना 'ओके'च म्हणतात.

व्हॉट्सॲपनेही पायऱ्या केल्या आहेत. एक टिक म्हणजे मेसेज गेला, दोन म्हणजे पोहोचला, निळ्या झाल्या म्हणजे वाचला. 'कबूल आहे' सांगणारी टिक मात्र नाही. म्हणूनच निळ्या टिक दिसत असताना कोणी वर 'ओके'ही लिहिलं, तर समोरचा त्याचा अर्थ 'वाचलं' यापेक्षा जास्त काहीतरी असाच लावणार. वाचल्याचं तर ॲपने आधीच सांगितलेलं असतं. ग्रुपवर गोष्ट आणखी अवघड, कारण तिथे सगळ्यांनी वाचल्याशिवाय टिक निळ्या होत नाहीत. त्यामुळे 'ओके' लिहिणारा पोच देतोय की जबाबदारी घेतोय, हे कळायला मार्ग उरत नाही.

मग उत्तर काय द्यावं?

तोडगा मराठीतच आहे. मराठी माणूस घरात होकार देताना बहुतेकदा क्रियापदच परत म्हणतो. 'येताना दूध आणशील का?' 'आणतो.' 'रविवारी येणार ना?' 'येते.' वैमानिकांना जे रीडबॅक नियम करून शिकवावं लागलं, ते स्वयंपाकघरात रोज चालू असतं. 'आणतो' म्हटल्यावर ऐकलं, कळलं आणि करणार, हे तिन्ही एका शब्दात येतं. 'ओके'त यातलं नेमकं किती आलं, हे विचारावं लागतं.

कामाच्या मेसेजला उत्तर देताना तीन गोष्टी पाळता येतील.

पहिली, करणार असाल तर क्रियापद आणि वेळ लिहा : 'नऊच्या आत पाठवतो.'

दुसरी, फक्त वाचलं असेल तर तसंच सांगा : 'वाचलं, बघून दुपारी सांगते.' पैसे, भाडं, दर किंवा तारखा असलेल्या मेसेजला तर हे नक्कीच. मान्य नसलेला कागद आला, तर 'मिळाला, अजून मान्य केलेला नाही' हे पाच शब्द पुढचा वाद वाचवू शकतात.

तिसरी विचारणाऱ्यासाठी. 'फाइल गेली पाहिजे' असं ग्रुपवर टाकून कोणाच्या तरी 'ओके'ची वाट पाहण्यापेक्षा, नाव घेऊन प्रश्न विचारा : 'नऊच्या आत तू पाठवशील का?' याला 'ओके' असं उत्तर आलं, तर झोपण्याआधी एकदा फोन करा.